शंभर टक्के निकाल आणि छेदातून गळालेली पोरं

समीक्षा पुस्तकाचीच करायची असते, असं कुणी ठरवलं? ज्यांच्या घरात पुस्तकं होती त्यांनी ठरवलं. आमच्या घरात रेशनकार्ड, लाईटबिल आणि शाळा सोडल्याचा दाखला एवढंच छापील वाङ्मय होतं. तेव्हा दोस्तहो, मी आज एका फ्लेक्सची समीक्षा करणार आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मे महिन्यात रात्रपाळी सुटून सायकलवर येत होतो. डोळ्यांत कापसाची धूळ, कानात रिंग फ्रेमचा आवाज. माझ्या जुन्या शाळेच्या फाटकावर नवा फ्लेक्स लागलेला दिसला. नगरपालिकेची माध्यमिक शाळा. नाव सांगत नाही, कारण अशा शाळा प्रत्येक गावात आहेत आणि प्रत्येकाला ही आपलीच वाटेल. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : दहावीचा निकाल शंभर टक्के, उज्ज्वल यशाची परंपरा कायम. खाली अकरा पोरापोरींचे फोटो आणि त्यांची टक्केवारी. त्यांच्या बाजूला हात जोडून उभे असलेले पुढारी. पुढाऱ्यांचे फोटो पोरांपेक्षा मोठे. पेपर कुणी लिहिले, कळायला मार्ग नाही.

मी सायकल थांबवून नावं वाचली. खरं सांगायचं तर आडनावं वाचली. आडनाव वाचता येणं हे या देशातलं पहिलं साक्षरपण. ते आम्हाला शाळेच्या आधी येतं. अकरांत आमच्या वस्तीतली एक पोरगी होती, शेवटच्या ओळीत. तिची आई आमच्या गिरणीत वाइंडिंगला आहे. मला आनंद झाला. तो खोटा नाही. त्या माऊलीनं दुसऱ्या दिवशी खात्यात पेढे वाटले तेव्हा मी दोन खाल्ले.

पण घरी येऊन झोप लागेना. डोक्यात एकच प्रश्न. शंभर टक्के. कुणाच्या शंभर टक्के?

आता माझी गोष्ट. थोडक्यात सांगतो, कारण रडगाणं गायला मी बसलेलो नाही.

आमच्या शाळेत अ, ब, क, ड अशा चार तुकड्या होत्या. अ तुकडीत मास्तरांची, दुकानदारांची, कचेरीतल्या साहेबांची पोरं. ड तुकडीत आम्ही. बौद्धवाडा, मातंग वस्ती, कैकाडी, वडार, हमालांची आणि मुसलमान विणकरांची पोरं. ‘मार्कांप्रमाणे तुकड्या पाडल्यात’ असं सांगायचे. मार्क आणि वस्ती इतके हातात हात घालून कसे चालतात, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. आम्हाला वाटायचं, आपण ढ म्हणून ड.

आठवीपर्यंत ढकलत नेलं. शिक्षणहक्काच्या कायद्यात तेव्हा आठवीपर्यंत नापास करायचं नव्हतं. कायदा चांगला होता. पण नापास न करणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेनं पहिली पाळली, दुसरी विसरली. मग २०१४ च्या एप्रिलात, नववीच्या शेवटी बापाला बोलावणं आलं. बाप गूळ मार्केटात हमाल. पाठीवरचं पोतं टाकून तसाच आला.

हेडसर गोड बोलले. म्हणाले, ‘पोरगं वाईट नाही हो. पण गणितात कच्चं आहे. इथं दहावीला बसवला तर जाईल. तुम्ही दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून बसेल. त्याचं वर्ष वाचेल.’

बाप म्हणाला, ‘तुमी म्हनाल तसं, सर.’

सतरा नंबर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचा तो अर्ज. ज्यांची शाळा खरोखर सुटली, कामाला लागलेली माणसं, लग्न झालेल्या बायका, त्यांच्यासाठी ही खिडकी आहे आणि ती चांगली आहे. माझी सख्खी आत्या तिच्यातूनच दहावी झाली. पण शाळेनं त्याच खिडकीतून आतली पोरं बाहेर टाकायला सुरुवात केली. आमच्या गल्लीतून त्या वर्षी आम्ही चौघं टाकलो गेलो. मी दोनदा गणितात गेलो, तिसऱ्यांदा बसलोच नाही. गिरणीत लागलो. आणि शाळेनं त्या वर्षीही फ्लेक्स लावला होता.

आता गणित. गणितात गेलेला माणूस गणित सांगतोय, म्हणून नीट ऐका.

टक्केवारी म्हणजे वर अंश आणि खाली छेद. वर पास झालेले, खाली बसलेले. निकाल वाढवायच्या दोन वाटा आहेत. एक, शिकवून अंश वाढवायचा. त्याला वर्षभर घाम गाळावा लागतो. दुसरी, पोरं काढून छेद कमी करायचा. त्याला एक दुपार पुरते, आणि हात जोडून उभा राहिलेला एक बाप.

आमच्या गिरणीत असं चालत नाही. रिंग फ्रेमवर तार तुटली की सुटलेला कापूस न्युमाफिलच्या नळीतून ओढला जातो आणि पेटीत पडतो. दर पाळीला ती पेटी साफ होते, वेस्टचं वजन होतं, रजिस्टरला चढतं. वेस्ट वाढलं की सुपरवायझर साईडरला धरतो. कापूस वाईट होता, असं सांगून सुटता येत नाही. फार तर कापूस घेणाऱ्यालाही धरतात. गिरणीमालक काही संत नाही. त्याला कापसाची किंमत माहीत आहे एवढंच. शाळेत तार तुटली तर रजिस्टरला काहीच चढत नाही. उलट फ्लेक्स लागतो. म्हणजे या राज्यात एक किलो कापसाचा हिशोब आहे, ड तुकडीच्या पोराचा नाही.

आता दुसरा मजकूर वाचू.

जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंडळानं दहावी-बारावीच्या प्रवेशपत्रांवर, म्हणजे आपल्या हॉलतिकिटावर, पोराचा जात प्रवर्ग छापला. नाव, बैठक क्रमांक, विषय आणि प्रवर्ग. परीक्षा लिहायला पोर जाणार, वर्गात पर्यवेक्षक ते तिकीट हातात घेऊन बघणार, आणि पेपर सुरू व्हायच्या आधी त्याला कळणार की समोर कोण बसलंय. गवगवा झाला. मंडळाचं म्हणणं असं की शाळेच्या जनरल रजिस्टरला लागलेली नोंद पोरांना वेळेत तपासता यावी, कारण शाळा सोडल्यावर ती दुरुस्त होत नाही, आणि शिष्यवृत्तीला अडचण येते. शेवटी तो रकाना काढला आणि नवी तिकिटं दिली.

मी म्हणतो, काढला ते बरं केलं. नोंद तपासायची तर शाळेत बोलावून तपासता येते, त्याला परीक्षेच्या बाकावर ठेवायच्या कागदाची गरज नाही. पण गोष्ट इथं संपत नाही. चार महिन्यांनी, मे २०२५ मध्ये निकाल लागला, ९४.१० टक्के. निकालाच्या दिवशी आकडे सांगतात ते असे : विभाग, मुलं-मुली, नियमित, खासगी, पुनर्परीक्षार्थी. कोकण वर आहे का, मुलींनी बाजी मारली का, सगळं कळतं. पण अनुसूचित जातीची किती पोरं बसली, किती उतरली, आदिवासी किती, भटके-विमुक्त किती, आणि पाचवीला होती त्यातली किती दहावीपर्यंत पोचलीच नाहीत, हे पहिल्या पानावरच्या बातमीत मी कधी वाचलेलं नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. तिकिटावर जात होती, तिथं तिचा जाब पोराला द्यावा लागला असता. निकालाच्या बातमीत जात नाही, तिथं तिचा जाब व्यवस्थेला द्यावा लागला असता. जात कुठं लिहायची आणि कुठं पुसायची, हे ज्याच्या हातात आहे तोच खरा लेखक. बाकी आपण सगळे कारकून.

आणखी एक बघा. तो ९४.१० चा आकडा नियमित विद्यार्थ्यांचा. सतरा नंबरवाल्यांचा हिशोब वेगळा लावतात. म्हणजे माझ्या शाळेनं फाटकावर जी युक्ती केली, तिला बसायला राज्याच्या बातमीतही जागा आहे. मंडळ मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. नियमित आणि खासगी वेगळे मोजण्यात तसं चूक काही नाही. पण मथळा एकाच आकड्याचा होतो, आणि तो आमचा नसतो.

काही मित्र म्हणतील, जातीनिहाय निकाल छापला तर लोक म्हणतील, ‘बघा, ही पोरं मुळातच कच्ची’. ही भीती खरी आहे. ती मलाही आहे. पण बाबासाहेबांना ही भीती नव्हती, आणि का नव्हती ते त्यांचं १९२७ चं भाषण वाचलं म्हणजे कळतं.

१२ मार्च १९२७. मुंबईचं कायदेकौन्सिल. शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा. महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्याआधी आठ दिवस. आम्ही २० मार्च पाठ केला, १२ मार्च विसरलो. त्या दिवशी त्यांनी शिक्षणखात्याच्या वर्गवारीनंच मुंबई इलाख्याचा हिशोब मांडला. पुढारलेले हिंदू, मुसलमान, मराठे आणि तत्सम मधल्या जाती, आणि मागास वर्ग. मागासांत अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि सरकारनं गुन्हेगार ठरवलेल्या जमाती. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्यांची ११९ मुलं, मुसलमानांची ९२, मधल्या जातींची ३८, मागासांची १८. दुय्यम शाळेत, म्हणजे हायस्कुलात, दर लाखाला पुढारलेले ३०००, मुसलमान ५००, मधले १४०, आणि मागास १४. कॉलेजात दर दोन लाखांना पुढारलेले १००० आणि मागास जवळजवळ शून्य.

हे आकडे मोठ्यानं वाचा. हजाराला अठरा होते ते लाखाला चौदा झाले. हायस्कूलच्या दारात तीन हजारांच्या शेजारी चौदा. दोनशे पटींहून जास्त अंतर. आणि लक्षात घ्या, मराठे आणि तत्सम मधल्या जातीही लाखाला १४० च. म्हणजे शेतात राबणारा सगळाच हायस्कूलच्या बाहेर होता. आज एकमेकांच्या उरावर बसलेल्यांनी हा एक रकाना एकत्र बसून वाचावा.

त्याच भाषणात त्यांनी गळती सांगितली. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभरांतली अठराच मुलं चौथीला पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. आणि पैसाही सांगितला. सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं चौदा आणे, आणि दारूच्या अबकारीतून माणशी काढतं दोन रुपयांवर. जेवढं पाजून काढता तेवढं तरी शिकवण्यावर घाला, असा तो सरळ हिशोब.

दोस्तहो, ही समीक्षा आहे. नुसती आकडेवारी नाही. बाबासाहेबांनी त्या रकान्यांवरून एकदाही ‘आमची पोरं कच्ची’ असा अर्थ निघू दिला नाही. गळतीच्या शेजारी खर्च ठेवला. पोराच्या शेजारी दारूचा महसूल ठेवला. आकडा एकटा सोडला की तो गरिबालाच चावतो. दुसऱ्या आकड्याला बांधून आणला की मालकाकडे तोंड करतो. त्याआधी १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं हेच केलं होतं. सारा भरतो शेतकरी, आणि त्यावर वरच्या वर्गाची पोरं शिकतात, असं स्पष्ट सांगून बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली. आपल्या परंपरेतली पहिली समीक्षा पुस्तकांची नाही. ती शाळेच्या हिशोबाची आहे.

आता एका सरकारी हायस्कूलची गोष्ट. मुंबईचं एल्फिन्स्टन हायस्कूल. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीतून, गिरणीकामगारांच्या वस्तीतून, एक पोरगा तिथं जायचा. खोलीत जागा नाही म्हणून लवकर झोपायचा, बाप रात्री दोनला उठवायचा. कंदिलाच्या उजेडात अभ्यास. शाळेत संस्कृत शिकायचं होतं, ते मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तेव्हा वर्गात ओरडा झाला, कारण फळ्यामागे इतर पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले. ते हलवले आणि मगच तो फळ्याजवळ गेला.

हे पोरगं १९०७ साली मॅट्रिक झालं. धनंजय कीरांच्या चरित्रात मार्क दिलेत : ७५० पैकी २८२. मी गिरणीच्या हजेरीकार्डाच्या पाठीवर भागाकार केला. ३७.६ टक्के.

आजच्या कुठल्या फ्लेक्सवर हा फोटो लागला असता? माझ्या हेडसरांच्या टेबलापुढं सुभेदार उभे असते तर त्यांना काय सल्ला मिळाला असता? मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.

मार्कांच्या खाली डब्यांचा ओरडा, बंद झालेलं संस्कृत, दोनचा कंदील हे काहीच छापलेलं नसतं. गुणपत्रिका हा फार अपुरा मजकूर आहे. आणि पुढं काय झालं? लोकांनी सभा घेऊन सत्कार केला, सीताराम केशव बोले अध्यक्ष. कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र हातात दिलं. पुढं बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली तो कोलंबियात होता. ३७.६ आणि कोलंबिया यांच्यामध्ये चमत्कार नाही. एक पुस्तक आहे, एक शिष्यवृत्ती आहे आणि मध्ये दार न लावणारी दोन-चार माणसं आहेत. ‘बाबासाहेब बघा कसे शिकले’ असं म्हणून जे आमच्या पोरांना दटावतात, ते ही माणसं गाळून सांगतात.

निकाल ही देवाची करणी नाही, नियमाची आहे, याला पुरावा लांब शोधायला नको. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल होता ८९.४१ टक्के. २०१९ साली झाला ७७.१०. अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते. बोंब झाली, गुण परत आले, आणि २०२० साली निकाल ९५.३०. २०२१ ला कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, नववीच्या आणि शाळेतल्या मार्कांवर निकाल लावला, ९९.९५. मग २०२२ ला ९६.९४, २०२३ ला ९३.८३, २०२४ ला ९५.८१. एका वर्षात बारा टक्के पोरं ढ झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्के हुशार झाली, असं कुणी म्हणेल का? माप बदललं, कापड तेच.

२०१९ ला माझ्या मावशीचा पोरगा नापास झाला. कशात? मराठीत. आम्ही सगळे हसलो, त्याला ‘विंग्रज’ म्हणून चिडवलं. नंतर मला लाज वाटली. ते पोरगं बोलायला बसलं की अख्खी वस्ती गोळा होते. म्हणी, उखाणे, शिव्या, आजीच्या तोंडचं जात्यावरचं गाणं, सगळं त्याच्या जिभेवर. पण पेपरात ‘व्हतं’ लिहिलं की लाल रेघ. ‘पानी’ लिहिलं की लाल रेघ. तोंडी परीक्षेत निदान त्याला बोलता यायचं, तिथं चार मार्क पडायचे. ती तोंडी काढली आणि त्याची मराठी मराठीतूनच बाहेर पडली. सगळ्या कवितांत आम्ही आईच्या भाषेचं गौरवगान करतो. आईची भाषा लिहून पोर नापास होतं, यावर किती कविता आहेत?

आणि आता आपल्या घरातलं बोलतो. दुसऱ्याच्या फ्लेक्सला दगड मारणं सोपं.

आपली आत्मकथनं घ्या. ‘बलुतं’ १९७८, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९, ‘उपरा’ १९८०, ‘अक्करमाशी’ १९८४, ‘आयदान’ २००३. या पुस्तकांनी मला माणूस केलं. बुद्धविहाराच्या कपाटातून एकेक नेऊन रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत वाचली. त्यांच्याविषयी मी बोलतो ते कर्ज मानून बोलतो. पण एक गोष्ट खटकते. यांतली बहुतेक पुस्तकं शिकून बाहेर पडलेल्यांची आहेत. पास झालेल्यांनी लिहिलेली. शाळेत अपमान होतो, भूक असते, वर्गाबाहेर बसवतात, मग एखादा चांगला मास्तर, मग बोर्डिंग, मग कॉलेज, मग नोकरी. शेजारच्या बाकावरचा जो मधेच गळाला तो दोन पानांपुरता येतो आणि जातो. तो मी आहे. त्या दोन पानांत मी स्वतःला शोधत बसतो.

अपवाद आहेत. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. ते सूतगिरणीत राबलेले, म्हणून त्यातला आवाज मला खात्यातला वाटतो. शाळा फार न लाभलेल्या बेबीताई कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांपासून लपवून लिहिलं, ते १९८६ ला पुस्तक झालं. पण अपवाद बोटांवर मोजावे लागतात.

दोष लिहिणाऱ्यांचा नाही. जो गळाला त्याच्या हातात पेन राहत नाही, म्हणून त्याचं आत्मकथन होत नाही. दोष वाचणाऱ्यांचा आणि प्रस्तावना लिहिणाऱ्यांचा आहे. प्रस्तावना काय म्हणते? ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करून यशाचं शिखर गाठलं.’ आणि शाळेच्या फाटकावरचा फ्लेक्स काय म्हणतो? शब्दाशब्दांत तेच. पांढरपेशा वाचकाला असं पुस्तक वाचून बरं वाटतं, कारण शेवटी पोर वर येतं. म्हणजे शाळा तशी ठीकच आहे, पोरात दम पाहिजे. आपल्या विद्रोहाचं असं निकालपत्रक झालं आणि आपण सत्काराची शाल घेऊन उभे राहिलो.

दुसरं, आपण कवींनी एक सोय करून घेतली. नारायण सुर्व्यांच्या संग्रहाचं नाव ‘माझे विद्यापीठ’, १९६६ चं. फूटपाथवर सापडलेलं, गिरणीकामगारानं वाढवलेलं पोर, नगरपालिकेच्या शाळेत शिपाई झालं, नंतर मास्तर झालं. त्या माणसाला रस्त्याला विद्यापीठ म्हणायचा पूर्ण अधिकार होता. तो स्वतः शाळेची घंटा वाजवून मग वर्गात शिकवायला गेला. पण आम्ही मागच्यांनी त्याचा गुळगुळीत शिक्का केला. जो तो उठतो आणि म्हणतो, ‘माझी शाळा म्हणजे रस्ता, माझा गुरू म्हणजे भूक.’ मीही म्हटलंय, कविसंमेलनात टाळ्या घेतल्यात. आज सांगतो, ते अर्धं खोटं आहे. भुकेनं मला गणित शिकवलं नाही. वर्गसमीकरण मला अजून येत नाही. सुपरवायझरची परीक्षा निघाली तेव्हा दहावी पासची अट होती, तेव्हा रस्त्यानं दाखला दिला नाही. रस्त्याला फार मोठं केलं की शाळा जबाबदारीतून सुटते. ‘यांना काय, जगण्याची शाळा आहे’ असं म्हणून तेही मोकळे.

आम्हाला जगण्याची शाळा नको. ती फुकटात मिळते. आम्हाला फळा, खडू, शिकवणारा मास्तर आणि पास होईपर्यंत बसायला बाक पाहिजे. डब्यांचा ओरडा न होता.

पळवाटा वरपर्यंत आहेत. शिक्षणहक्काच्या कायद्यानं खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब-वंचितांना ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगी शाळेला सूट. म्हणजे पुन्हा अ तुकडी आणि ड तुकडी, फक्त वेगवेगळ्या इमारतींत. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. न्यायालयानं केला. आमच्या मोर्च्यानं नाही, आमच्या कवितेनं तर नाहीच. त्या सहा महिन्यांत मी काय लिहीत होतो, वहीत शोधलं. पावसावर दोन कविता सापडल्या.

मग करायचं काय? मी पुढारी नाही, मागण्यांची यादी काढत नाही. समीक्षक म्हणून एकच म्हणतो : मजकूर पुरा छापा. शाळेनं फ्लेक्स लावावा, जरूर लावावा. पण त्यावर लिहावं की पाच वर्षांपूर्वी पाचवीला किती पोरं होती. त्यांतली किती आज दहावीला बसली. किती दाखला घेऊन गेली, कुठल्या वस्तीतली, कुठल्या तुकडीतली. आणि त्यांच्यापायी किती मास्तरांच्या जागा रिकाम्या होत्या. पोराचं नाव नको, त्याच्या बैठक क्रमांकाशेजारी जात नको. समूहाचा हिशोब पाहिजे, शेजारी खर्चाचा हिशोब पाहिजे. १२ मार्चची पद्धत.

आणि शाळा नाही छापणार, तर आपण छापू. हे वाचणाऱ्यांत शिकवणारे आहेत, अंगणवाडीताई आहेत, माझ्यासारखे गळालेले आहेत. आपापल्या गल्लीतली पोरं मोजणं काही अवघड नाही. मी सुरुवात केलीय. मागच्या रविवारी वही घेऊन आमच्या गल्लीत फिरलो. माझ्याबरोबर सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्या तिघांपैकी एक वीटभट्टीवर आहे, एक टमटम चालवतो. तिसऱ्याच्या घरी त्याची आई होती. म्हणाली, ‘आता कशाला बाबा नाव लिवतुस त्याचं? तवा कुनी लिवलं न्हाई.’

मी लिहिलं. ते नाव इथं छापत नाही, तिला विचारलेलं नाही म्हणून. पण वहीत आहे, आणि छेदात आहे.

जाता जाता फ्लेक्सवरच्या त्या पोरीविषयी. तिला कॉलेजात ॲडमिशन मिळालं. रोज सकाळी माझी पाळी सुटते तेव्हा ती एसटीच्या थांब्यावर उभी असते. परवा तिला विचारलं, ‘ताई, तुझ्या वर्गातली बाकीची कुठंयत?’ तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. एसटी आली तरी तिची बोटं संपली नव्हती.